सत्तेचाळीस मिनिटे कोणाची?

वाचकांचे प्रश्न

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या शर्यतीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : अंतर तेच असताना वेळ एवढी का बदलते? सांगलीच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकाने प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून पाठवली आहे, आणि आकडे समोर असले की उत्तर देणाऱ्याला मोघम बोलून सुटता येत नाही.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. गेल्या वर्षी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ शर्यत (अर्धी आयर्नमॅन : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे) मी ६ तास ५२ मिनिटांत पूर्ण केली : पोहणे ४७ मिनिटे, सायकल ३ तास १८ मिनिटे, धावणे २ तास ३५ मिनिटे आणि दोन्ही ट्रान्झिशन, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची तयारी, मिळून १२ मिनिटे. यंदा भावाकडे जर्मनीला गेलो असताना तेवढ्याच अंतराची शर्यत तिथे केली. तळ्यात वेटसूट घालून पोहायला ४० मिनिटे, सायकलला २ तास ५८ मिनिटे, धावायला २ तास १८ मिनिटे, ट्रान्झिशन ९ मिनिटे, एकूण ६ तास ५ मिनिटे. दोन्हीकडे मोठा घाट नव्हता; गोव्यात यू-टर्न मात्र बरेच होते. आमचे प्रशिक्षक म्हणतात की ४७ मिनिटांची सुधारणा ही वर्षभराच्या सरावाची कमाई आहे. मित्र म्हणतात, ‘तिकडचे कोर्स (शर्यतीचे मार्ग) सोपेच असतात.’ खरे कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोघेही थोडे थोडे खरे आहेत, हे उत्तर देऊन मोकळे होता आले असते; पण आपण आकडे दिलेच आहेत, तर त्यांना बोलू द्यावे. सत्तेचाळीस मिनिटांपैकी ७ मिनिटे पोहण्यात वाचली आहेत, २० सायकलवर, १७ धावण्यात आणि ३ ट्रान्झिशनमध्ये. प्रत्येक टप्प्यावर परिस्थितीचा वाटा वेगळा असतो, म्हणून एकेक टप्पा सुटा पाहू.

पोहण्यातली सात मिनिटे आपण वेटसूटच्या नावावर लिहिलीत तरी फारशी चूक होणार नाही. वेटसूटचे फुगीर रबर शरीराला, विशेषतः मांड्या आणि पाय यांना, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ धरून ठेवते. ज्याचे पाय पोहताना मुळातच वर राहतात अशा कसलेल्या जलतरणपटूला त्याचा फायदा बेताचा होतो. ज्याचे पाय खाली लोंबतात आणि पाण्याला ब्रेकसारखे अडवतात त्याला तो पुष्कळ होतो. शंभर मीटरला जवळजवळ अडीच मिनिटे घेणारा पोहणारा सहसा दुसऱ्या प्रकारातला असतो. आयर्नमॅनच्या नियमांनुसार हौशी स्पर्धकाला वयोगटाच्या बक्षिसासाठी पात्र राहून वेटसूट घालायचा असेल, तर पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असता कामा नये. गोव्याचा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात याहून बराच कोमट असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. शिवाय लाटांत वाट दाखवणारा तरंगता बोया दिसत नाही, मान वर काढून पुन्हा पुन्हा पाहावे लागते आणि मान वर गेली की पाय खाली जातात. सरळ रेषा चुकते ती वेगळीच. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जास्त असल्यामुळे समुद्र माणसाला थोडा उचलून धरतो, एवढे समुद्राच्या बाजूने बोलायला हवे.

सायकलवर आपला सरासरी वेग ताशी २७.३ किलोमीटरवरून ३०.३ किलोमीटरवर गेला. ही वाढ ११ टक्के आहे आणि ऐकायला ती माफक वाटते. पण हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इतर सारे तेच ठेवून ११ टक्के जास्त वेगाने जायचे असेल तर हवेसाठी खर्चावी लागणारी शक्ती ३५ टक्क्यांहून जास्त वाढते. टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण वेगाच्या सरळ प्रमाणात शक्ती मागते, ते मिसळले तरी एकूण वाढ ३० टक्क्यांच्या आसपास येईल. चव्वेचाळिसाव्या वर्षी, आधीच अर्धी आयर्नमॅन पूर्ण केलेल्या माणसाची पायातली ताकद एका वर्षात ३० टक्क्यांनी वाढली, यावर माझा सहज विश्वास बसत नाही. दहा टक्क्यांनी वाढली असेल तर ती उत्तम प्रगती आहे, आणि तेवढ्यानेही सायकलवरची सहा-सात मिनिटे वाचतात. आपल्या सायकलला पॉवर मीटर, म्हणजे पायांची शक्ती मोजणारे उपकरण, असेल तर दोन्ही दिवसांची सरासरी वॉटमध्ये पाहा. या पत्रातला सर्वांत मोठा वाद त्या दोन आकड्यांत निकाली निघेल.

मग उरलेली तेरा-चौदा मिनिटे कुठून आली? यू-टर्नपासून सुरुवात करू. ब्रेक लावून वेग जवळजवळ माणसाच्या चालीवर आणायचा, वळायचे आणि पुन्हा तिशीपर्यंत न्यायचे, यात प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद जातात. डझनभर वळणे असतील तर दोन-तीन मिनिटे तिथेच सांडली. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक उठावणीला पायांतून जो जोर काढावा लागतो, त्याची भरपाई पुढच्या सपाट रस्त्यावर होत नाही. रस्त्याचा पोत हे दुसरे कारण. खडबडीत डांबरावर सायकल आणि स्वार दोघेही सतत बारीक हादरत असतात आणि त्या हादऱ्यांत ऊर्जा नाहीशी होते. पावसाळ्यानंतरच्या कोकणपट्टीतल्या रस्त्याची आणि जर्मन खेड्यांना जोडणाऱ्या गुळगुळीत रस्त्याची तुलना वाचकांनी मनातच करावी. तिसरे कारण वारा. जाताना मदत आणि येताना विरोध असा सारखाच वारा असला तरी बेरीज शून्य होत नाही, कारण विरोधातल्या रस्त्यावर आपण जास्त वेळ घालवतो. आणि चौथे, गर्दी. नियमाप्रमाणे दोन सायकलींत १२ मीटरचे अंतर ठेवावे लागते, तरीही पुढे एकामागे एक अशी सायकलींची माळ असेल तर हवा आधीच थोडी फुटलेली मिळते. मोठ्या, भरलेल्या शर्यतीत हा फायदा नियम पाळूनही मिळतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. उष्ण हवा विरळ असते. तापमान १८ अंशांवरून ३१ अंशांवर गेले तर हवेची घनता चार टक्क्यांहून जास्त कमी होते, म्हणजे तेवढीच ताकद लावली असती तर गोव्याच्या हवेने आपल्याला सायकलवर दोनेक मिनिटे उलट मिळवून दिली असती. पण यंत्रासाठी जी हवा सोयीची, ती देहासाठी सोयीची नसते.

त्यामुळे धावण्याकडे आलो की उष्म्याचा वाटा वरचढ होतो. आपण खाल्लेल्या अन्नातून स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग कामी येतो. बाकी सारी उष्णता होते, आणि ती बाहेर टाकण्यासाठी रक्ताला कातडीकडे धाव घ्यावी लागते. तेच रक्त पायांनाही हवे असते. घाम सुटणे पुरेसे नाही, तो वाळला पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. विदर्भातल्या वाचकाला पस्तीस अंशांत जेवढे धावता येते, तेवढे पणजीच्या तीस अंशांत येत नाही ते यामुळेच. सायकलवर निदान ताशी सत्तावीस किलोमीटरचा वारा अंगावरून जात असतो. धावताना तो ताशी आठवर येतो, नेमका तेव्हाच सूर्यही डोक्यावर आलेला असतो. किलोमीटरला ७ मिनिटे २१ सेकंदांवरून ६ मिनिटे ३२ सेकंदांवर आपण आलात. यातला मोठा भाग जर्मनीच्या हवेचा आहे असे मी म्हणेन. मात्र सगळा नाही. सायकलवरून उतरताना पाय किती शिल्लक होते यावर धावणे ठरते, आणि तिथे सरावाचा हात नक्की असतो.

माझा अंदाज विचाराल तर ४७ पैकी पंधरा ते वीस मिनिटे आपली, बाकीची पाण्याची, रस्त्याची आणि हवेची. हा अंदाज आहे, निकाल नव्हे. त्याची पडताळणी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आपल्या वयोगटात आपण वरून कितव्या टक्क्यात होतात ते दोन्ही ठिकाणी पाहणे. यात एक फसवणूक दडलेली आहे, ती ध्यानात ठेवावी : आपल्याकडच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरणारे पुष्कळ असतात, तर युरोपातल्या जुन्या शर्यतीत वीस-वीस वर्षे हाच खेळ खेळणारे पन्नाशीचे लोक असतात. त्यामुळे प्रगती होऊनही क्रमांक घसरलेला दिसू शकतो. दुसरा मार्ग जास्त खात्रीचा आहे. ज्यांनी या दोन्ही शर्यती केल्या आहेत असे दहा-बारा स्पर्धक निकालपत्रांतून शोधावेत आणि त्यांच्या वेळांतला फरक काढून त्यातला मधला आकडा घ्यावा. मधल्या आकड्याने जेवढी मिनिटे वाचली, तेवढी कोर्सची. त्याहून जास्त वाचवलेली आपली.

प्रश्न : मी गणित शिकवतो आणि रविवारी सायकल चालवतो. जेवढे चढलो तेवढेच उतरलो, तर चढावर गेलेला वेळ उतारावर परत मिळायला हवा. प्रत्यक्षात तो का मिळत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गणिताच्या शिक्षकाला उत्तर ठाऊक असणार, पण इतरांसाठी मांडतो. तीस किलोमीटरचा चढ ताशी १५ च्या वेगाने चढला तर दोन तास लागतात. तेवढाच उतार ताशी ६० च्या वेगाने उतरला तर अर्धा तास. साठ किलोमीटरला अडीच तास, म्हणजे सरासरी ताशी २४. तोच स्वार सपाट रस्त्यावर ताशी ३३ ने गेला असता तर त्याला १ तास ४९ मिनिटे पुरली असती. सरासरी काढताना आपण नकळत १५ आणि ६० यांची बेरीज करून दोनाने भागतो. खरी सरासरी वेळेवर काढायची असते, आणि वेळ सारा चढावर गेलेला असतो.

त्यामागचे भौतिकशास्त्र असे की चढावर खर्च केलेली ऊर्जा उंचीच्या रूपाने साठते खरी, पण उतारावर ती परत मिळते तेव्हा हवा तिच्यावर डल्ला मारते. ताशी ६० च्या वेगाला हवेचा विरोध ताशी ३० च्या वेगापेक्षा चौपट असतो, आणि तो मोडण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. वळणावळणाच्या घाटात तर स्वार ब्रेक लावून उरलीसुरली ऊर्जाही रिममध्ये किंवा डिस्कमध्ये जाळून टाकतो. कसाऱ्याचा घाट सायकलने चढून उतरलेल्याला हे समीकरणाशिवाय समजलेले असते.

याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ दाखला फ्रान्सच्या सॅम लेडलोचा आहे. पूर्ण आयर्नमॅनची, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे या अंतराची जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये हवाईतल्या कोना इथे झाली. तिथे तो ७ तास ४२ मिनिटे २४ सेकंदांत दुसरा आला. पुढच्या वर्षी पुरुषांची हीच स्पर्धा फ्रान्समधल्या नीस शहरात झाली आणि ती त्याने जिंकली, पण वेळ लागली ८ तास ६ मिनिटे २२ सेकंद. चोवीस मिनिटे हळू जाऊन तो दुसऱ्यावरून पहिला झाला. आता आतले आकडे पाहा. पोहणे दोन्हीकडे जवळपास सारखे. सायकल कोनात ४ तास ४ मिनिटे ३६ सेकंद आणि नीसमध्ये ४ तास ३१ मिनिटे २८ सेकंद, कारण नीसचा रस्ता समुद्रकाठ सोडून मागच्या डोंगरांत शिरतो आणि एकूण चढ सुमारे २४०० मीटर भरतो. धावणे मात्र नीसमध्ये उलट तीन मिनिटे जलद झाले. तिथे समुद्रालगतच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या असतात आणि कोनाचा लाव्हाच्या काळ्या खडकांमधून जाणारा तापलेला हमरस्ता नसतो. म्हणजे ‘नीस अवघड, कोना सोपे’ असे म्हणणेही बरोबर नाही. एक कोर्स सायकलवर वेळ घेतो, दुसरा धावण्यात.

चढ असला म्हणजे कोर्स संथच, असेही समजू नये. जर्मनीत न्युर्नबर्गच्या दक्षिणेला असलेल्या रोथ या छोट्या गावातली शर्यत जगात सर्वांत जलद समजली जाते, आणि तिच्या सायकलच्या रस्त्यावर चढ चांगले आहेत. पण ते लांबट आहेत, वळणे मोकळी आहेत, डांबर उत्तम आहे, त्यामुळे उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या पोटात घेऊन जाता येतो. डेन्मार्कच्या मॅग्नस डिट्लेवने २०२४ मध्ये रोथला ७ तास २३ मिनिटे २४ सेकंदांची वेळ दिली. त्याच वर्षी कोनाला तो दुसरा आला तेव्हा त्याला सुमारे वीस मिनिटे जास्त लागली होती. दुसरे टोक पाहायचे असेल तर नॉर्वेतले नॉर्समन पाहावे. तिथे पहाटे फेरीबोटीतून फ्योर्डच्या गार पाण्यात उडी मारायची आणि शेवट सुमारे १८५० मीटर उंचीवर, गाउस्टाटोपेन डोंगराच्या माथ्याजवळ करायचा. अंतर पूर्ण आयर्नमॅनचेच, पण विजेत्यालाही दहा तासांच्या आसपास लागतात. त्या शर्यतीत माथ्यापर्यंत जाऊ दिलेल्यांना काळा टी-शर्ट मिळतो, बाकीच्यांना पांढरा, आणि घरी आल्यावर लोक वेळ विचारत नाहीत, टी-शर्टचा रंग विचारतात. मला ही पद्धत समंजस वाटते.

प्रश्न : मिरामारला दोन वेगवेगळ्या वर्षी पोहलो. बोया त्याच जागी असल्यासारखे वाटले, माझा सरावही तेवढाच होता, तरी पाच मिनिटांचा फरक पडला. असे कसे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपण पणजीचे, तेव्हा मिरामार हे मांडवीच्या मुखाजवळ आहे हे आपल्याला सांगायला नको. तिथे समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर नदीचे पाणीही हिशेबात घ्यावे लागते. शर्यतीची तारीख आणि सुरुवातीची वेळ माणसे ठरवतात. त्या वेळी भरती असेल की ओहोटी हे चंद्र ठरवतो.

प्रवाहाचा परिणाम किती होतो ते करून पाहू. शंभर मीटरला दोन मिनिटे घेणारा पोहणारा सेकंदाला ०.८३ मीटर जातो आणि १९०० मीटर ३८ मिनिटांत संपवतो. पाण्याला सेकंदाला ०.२ मीटर एवढा, म्हणजे काठावरून पाहणाऱ्याला जेमतेम जाणवेल असा प्रवाह असला आणि सगळे अंतर त्याच्या दिशेने असले, तर तेच अंतर ३० मिनिटे ४० सेकंदांत होते. सात मिनिटे फुकटची मिळाली. अर्धे अंतर प्रवाहाबरोबर आणि अर्धे विरोधात असेल तर मात्र वेळ ३८ ऐवजी ४० मिनिटे २० सेकंद होते. नाशिकच्या वाचकाला जे उत्तर दिले तेच इथेही लागू आहे : विरोधात जास्त वेळ जातो, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठा. प्रवाह आडवा असेल तर आणखी एक भर, कारण नाक बोयाकडे ठेवून पोहणारा प्रत्यक्षात कमानीसारख्या वाटेने जातो. मच्छीमाराला विचारले तर तो होडीचे तोंड कधीच थेट धक्क्याकडे ठेवत नाही.

बोया ‘त्याच जागी असल्यासारखे’ वाटले, असे आपण फार नेमके लिहिले आहे. नांगराचा दोर भरतीच्या पाण्याला पुरेल एवढा लांब ठेवावा लागतो, म्हणून बोया पाण्याबरोबर थोडा सरकतोच. रस्ता मोजता येतो, पाण्यावर रेषा मारता येत नाही. तळ्यातल्या शर्यतीत हा सारा त्रास उरत नाही. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहणाऱ्यांना प्रवाहाचा हिशेब करावा लागत नाही. रोथला तर पोहणे एका जहाजवाहतुकीच्या कालव्यात असते : दोन्ही बाजूंना काठ, पाणी स्थिर, आणि दिशा चुकायला जागाच नाही.

प्रश्न : मॅरेथॉनचा विश्वविक्रम सर्वांना ठाऊक असतो. मग आयर्नमॅन अंतराचा अधिकृत विश्वविक्रम का सांगितला जात नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण विक्रमाला आधी समान पट्टी लागते, आणि ती या खेळात नाही. मॅरेथॉनमध्येही ती फार कष्टाने आणलेली आहे. रस्ता अंशांकन केलेल्या सायकलने मोजला जातो आणि चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरला जातो. शिवाय विक्रम मान्य व्हायचा असेल तर सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त असून चालत नाही, आणि एकूण उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. बोस्टनची मॅरेथॉन या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही; म्हणूनच २०११ मध्ये केनियाच्या जेफ्री मुटाईने पाठीवर वारा घेऊन तिथे २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धाव पूर्ण केली, ती तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जलद असूनही विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. एवढे नियम केवळ धावण्यासाठी. त्यात पोहण्याचे पाणी आणि १८० किलोमीटर सायकल यांची भर घातली की कोणती समिती कोणता रस्ता मान्य करणार?

आयर्नमॅन अंतराच्या ज्या वेळा ‘सर्वांत जलद’ म्हणून सांगितल्या जातात, त्यांपैकी प्रत्येकीला एक शेपूट असते. नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने नोव्हेंबर २०२१ मध्ये मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर ७ तास २१ मिनिटे १२ सेकंदांत शर्यत संपवली. त्यात त्याचे पोहणे ३९ मिनिटे ४१ सेकंदांत झाले होते. अव्वल पुरुषांना स्थिर पाण्यात या अंतराला साधारण ४५ ते ५० मिनिटे लागतात. कोसुमेलला प्रवाह सोबतीला असतो. त्याच ब्लुमेनफेल्टने जून २०२२ मध्ये जर्मनीच्या लाउझिट्सरिंग या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर ६ तास ४४ मिनिटे २५ सेकंदांची वेळ दिली, पण तिथे त्याच्यासाठी वारा अडवणारे पेसर होते, जे कुठल्याही साध्या शर्यतीत चालत नाहीत. प्रयोग म्हणून ते रंजक होते. त्याला शर्यत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग उत्तम कोण, हे ठरते कसे? एकाच दिवशी, एकाच पाण्यात, एकाच रस्त्यावर कोण पुढे आला यावरून. कोनाचे आकडे कोनाच्याच आकड्यांशी मात्र तुलनेला चालतात, तेही जपून. तिथे १९८९ मध्ये मार्क ॲलन ८ तास ९ मिनिटे १५ सेकंदांत जिंकला, १९९६ मध्ये लुक व्हान लिअर्डने ८ तास ४ मिनिटे ८ सेकंदांची वेळ दिली, २०१८ मध्ये पॅट्रिक लांगे तिथे आठ तासांच्या आत आलेला पहिला पुरुष ठरला आणि २०२४ मध्ये त्यानेच ती वेळ ७ तास ३५ मिनिटे ५३ सेकंदांवर आणली. रस्ता ढोबळमानाने तोच, पण सायकली बदलल्या, बुटांचे तळवे बदलले, तासाला किती साखर पोटात ढकलायची याची समज बदलली, आणि वाऱ्याने कोणत्या वर्षी कृपा केली हा भाग निराळाच. कोनाच्या सायकलमार्गावर हावी या गावाकडे जाताना जो आडवा वारा सुटतो, तो एखाद्या वर्षी झोपलेला असतो आणि एखाद्या वर्षी स्वारांना रस्त्याच्या कडेला लोटत असतो.

प्रश्न : माझ्या घड्याळात सायकलचे अंतर ८८ किलोमीटर आणि धावण्याचे २१.४ किलोमीटर आले. आयोजकांनी मोजण्यात चूक केली असे समजायचे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : धावण्याच्या बाबतीत नाही. घड्याळ उपग्रहांच्या खुणांवरून ठिपके जोडत जाते. झाडांखाली आणि इमारतींजवळ ते ठिपके इकडेतिकडे पडतात आणि रेघ लांबते. शिवाय रस्ता मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने, आणि आपण पाण्याच्या टेबलाकडे, ओळखीच्या माणसाकडे, सावलीकडे वळत धावतो. तीनशे मीटर जास्त भरणे अगदी स्वाभाविक आहे.

सायकलचे दोन किलोमीटर मात्र बहुधा खरेच कमी असतील, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. सायकलचा मार्ग वाहतूक कुठे वळवता येते, पोलीस कुठला चौक बंद करू देतात आणि कुठल्या पुलाचे काम चालू आहे यावर आखला जातो. नव्वद किलोमीटर बरोबर भरण्यासाठी यू-टर्न एखाद्या अंध वळणावर ठेवण्यापेक्षा दोन किलोमीटर आधीच सुरक्षित जागी ठेवणारा आयोजक मला जास्त शहाणा वाटतो. ताशी ३० च्या वेगाला दोन किलोमीटर म्हणजे चार मिनिटे. आपल्या वेळेची दुसऱ्या शर्यतीशी तुलना करताना ती चार मिनिटे आधी मिळवून घ्यावीत. ट्रान्झिशनचेही तेच : पाण्यातून बाहेर आल्यापासून सायकलपर्यंत कुठे शंभर मीटर पळावे लागते, तर कुठे वाळूतून पाचशे मीटर, आणि तो सारा वेळ एकूण वेळेत धरला जातो. निकालपत्रात हे दोन आकडे वेगळे छापलेले असतात. बहुतेक जण ते वाचत नाहीत.